सायकलच्या गप्पा आणि डॉक्टरचे कान

आमच्या साताऱ्यात दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पोवई नाक्याजवळच्या एका चहाच्या टपरीसमोर दहा-बारा सायकली उभ्या असतात. त्यांचे मालक बाकावर घाम पुसत बसलेले असतात. कोणी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन आलेले, कोणी सज्जनगडच्या पायथ्यापर्यंत, तर कोणी आदल्या रविवारी मेढ्यामार्गे थेट महाबळेश्वर गाठलेले. चहाचा पहिला घोट पोटात गेला की गप्पांना सुरुवात होते. किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला, घाट कोणत्या गिअरवर चढलो, उताराला मागे कुत्रे कसे लागले, सारे तपशीलवार सांगितले जाते.

मी या मंडळींइतका शूर नाही. वयाची छप्पन्न वर्षे झाली. माझी धाव माहुलीपर्यंत, आणि तीही सपाट रस्त्याने. पण परतताना या बाकावर मी हटकून बसतो. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. किलोमीटरचे आकडे मोठ्या आवाजात सांगितले जातात आणि वाटेत शरीराने जी कुरकुर केली ती ओझरती, हसण्यावारी नेऊन सांगितली जाते. डॉक्टरचे कान नेमके त्या ओझरत्या वाक्याकडे लागलेले असतात. निदान लागलेले असावेत. एकदा माझे कान कसे चुकले, तेही या लेखात सांगणार आहे.

सायकलने काय साधते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम हवा. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास सायकल चालवली तर तो मध्यम व्यायाम होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस.

सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीट पेलते. त्यामुळे वजन जास्त असलेल्या किंवा गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही हा व्यायाम झेपतो. मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतात. म्हणून मधुमेही माणसाने व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पाडू नये. मात्र ज्या कारणाने गुडघ्यांना आराम मिळतो, त्याच कारणाने हाडांना हवा तेवढा ताण मिळत नाही. हाडे मजबूत राहण्यासाठी सायकलस्वाराने आठवड्यातून दोन-तीन दिवस चालणे, जिने चढणे, थोडे वजन उचलणे हे व्यायामही करावेत. चाळिशी ओलांडलेल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता बाकावरच्या गप्पांकडे वळू.

"करंगळी झोपी जाते"

बँकेतले एक अधिकारी गेल्या पावसाळ्यात म्हणाले, "डॉक्टर, तीस किलोमीटर झाले की माझी करंगळी झोपी जाते." सगळे हसले. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची जाणीव एका नसेकडे असते. ही नस तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूने, अगदी उथळ जाते. हॅण्डलवर तासन्‌ तास भार टाकला की ती दाबली जाते. सुरुवातीला मुंग्या येतात. दुर्लक्ष केले तर पकड ढिली होते, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात.

उपाय साधा आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी हॅण्डलवरची पकड बदलावी, कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत, गादी असलेले हातमोजे घालावेत. हॅण्डल सीटपेक्षा फार खाली असेल तर सारा भार हातांवर येतो. ते वर घ्यावे. सायकलवरून उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मुंग्या गेल्या नाहीत किंवा बोटांतली ताकद कमी वाटली, तर डॉक्टरांना दाखवावे.

सीटची उंची आणि गुडघा

एका ताईंनी मुलाची सायकल घेऊन फिरायला सुरुवात केली आणि महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. "वय झाले" असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले होते. मी त्यांना सायकल घेऊन दवाखान्यात बोलावले. सीट इतकी खाली होती की पायडल मारताना गुडघा छातीकडे यायचा.

सीटची उंची घरच्या घरी ठरवता येते. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. नंतर चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो. तीच योग्य उंची. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून, लवणीत दुखत असेल तर बहुधा वर आहे. ताईंची सीट आम्ही तीन बोटे वर केली. गोळ्या लिहिण्याची गरज पडली नाही.

दुसरी चूक जड गिअरची. जड गिअरवर ढकलत जाण्याने गुडघ्याची वाटी घासते. हलक्या गिअरवर मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे मारणे चांगले. अंतरही बेताने वाढवावे. आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ पुरे.

कानात सांगितलेली तक्रार

एक तक्रार बाकावर कोणी सांगत नाही. बाजूला घेऊन कानात सांगतात. लांबच्या फेरीनंतर जांघेच्या मधला भाग बधिर होतो. अरुंद सीटमुळे तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. स्त्री आणि पुरुष दोघांनाही हे होते. यात लाजण्यासारखे काही नाही. बसायच्या हाडांना नीट आधार देणारी सीट घ्यावी, तिचे नाक वर उचललेले नसावे, दर दहा मिनिटांनी पायडलवर उभे राहून काही क्षण भार काढावा. बधिरपणा उतरल्यावरही टिकत असेल तर सायकल थांबवून तपासणी करून घ्यावी.

पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आणखी एक सूचना. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी करायची असेल तर आधी दोन दिवस सायकल चालवू नये. दाबामुळे आकडा थोडा वाढून उगाच घबराट होऊ शकते.

पाणी: कमीही नको, अतिही नको

आमच्यातला एक तरुण प्राध्यापक लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतो. पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या नियमांनुसार जगभर होणाऱ्या या फेऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. एप्रिलमधल्या अशा एका फेरीत त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोके दुखू लागले. त्याने आणखी पाणी प्यायले. मग मळमळ सुरू झाली. सकाळपासून तो नुसते पाणीच पीत होता!

घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. कित्येक तास केवळ साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते. डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखे वागणे ही त्याची लक्षणे, आणि प्रकरण झटक्यांपर्यंत जाऊ शकते. तासाभराच्या फेरीला साधे पाणी पुरते. त्याहून लांब जायचे असेल, विशेषतः उन्हाळ्यात, तर ओआरएस जवळ ठेवावे आणि पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते विरघळवावे. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तहानेप्रमाणे घोट घोट प्यावे. फेरीआधी आणि नंतर वजन करून पाहा. वजन एक-दीड किलोने घटले तर पाणी कमी पडले. वाढले तर जास्त झाले. ब्लडप्रेशर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र मिठाचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

उपाशीपोटी मधुमेही

औषधांचे दुकान असलेले एक गृहस्थ मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. एका सकाळी गोळी घेऊन, काही न खाताच ते कासकडे निघाले. परतीच्या उताराला हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला, समोरचे धूसर दिसू लागले. नशिबाने ते थांबले. घाटाच्या उतारावर ब्रेक दाबणारी बोटे थरथरत असताना काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

इन्सुलिन किंवा या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने झपाट्याने उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. निघण्यापूर्वी साखर तपासावी, थोडे खाऊन निघावे, खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. थरथर, घाम, एकाएकी भूक, चिडचिड जाणवली की ताबडतोब थांबावे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटे बसावे, पुन्हा तपासावे. साखर ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. सावरल्यावर पोळी-भाजीसारखे काही खावे. लांबच्या फेरीनंतर त्या रात्रीही साखर उतरू शकते, हे घरच्यांना ठाऊक असावे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात. तेव्हा नुसता घाम हीच सूचना समजावी. गोळीचा डोस मात्र आपल्या मनाने कमी करू नये.

तिसरे वळण

आता गुरुजींची गोष्ट. गुरुजी निवृत्त शिक्षक, वय त्रेसष्ट. अंगाने काटक, तंबाखू-सुपारी नाही, साखर नाही, पहाटे पाचला उठणार. आमच्या बाकावर तब्येतीचा दाखला द्यायचा झाला तर गुरुजींचा द्यायचा, अशी रीत पडली होती.

एका रविवारी ते म्हणाले, "मी यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर हल्ली थांबतो. तिथून शहर काय सुंदर दिसते! तुम्ही नुसते खाली मान घालून पायडल मारता." सगळ्यांनी दाद दिली. मीही दिली.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "दुसऱ्या वळणावरूनही छान दिसते बरे का." पुन्हा हशा झाला. त्यातही मी होतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य माझ्या मनात घोळू लागले. माणूस चढावर अधिक उंची गाठतो, तेव्हा दृश्य अधिक चांगले होते. गुरुजींचे दृश्य घाटात खाली खाली सरकत होते. मला धस्स झाले. सकाळी सहालाच त्यांना फोन केला आणि सायकल न घेता या, असे बजावले.

"गुरुजी, थांबता तेव्हा नेमके काय होते?"

"काही नाही हो. इथे गळ्यापाशी आवळल्यासारखे होते, जबड्यापर्यंत जाते. ढेकर आली की बरे वाटते. दोन-तीन मिनिटांत संपते. ॲसिडिटी आहे."

"सपाटीवर होते?"

"मुळीच नाही. चढावरच."

"आणि तुमचे वडील?"

गुरुजी थोडे थांबले. "पन्नाशीत गेले. शेतातून आले आणि गेले."

वाचकहो, चढाला येणारे आणि थांबले की जाणारे आवळणे हे हृदयाचे दुखणे समजावे. ते छातीच्या डाव्या बाजूलाच होते असे नाही. गळा, जबडा, खांदा, हात, पाठ, बेंबीच्या वरचा भाग, यांपैकी कुठेही जाणवू शकते. कित्येकांना दुखत नाहीच. दाब, जळजळ किंवा धाप एवढेच जाणवते. स्त्रियांत आणि मधुमेहींत तर लक्षणे आणखी फसवी असतात. कारण सरळ आहे. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली की बसल्या जागी ते रक्त पुरते, पण चढावर हृदयाची मागणी वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. थांबले की मागणी घटते आणि दुखणे जाते. ढेकर येते ती थांबल्यामुळे वेळ मिळतो म्हणून; श्रेय मात्र ढेकरेला जाते.

मी कार्डिओग्राम काढला. तो अगदी स्वच्छ आला. गुरुजींना आनंद झाला. "बघा, मी म्हटले नव्हते?" इथेच पुष्कळ लोक फसतात. बसल्या जागी काढलेला कार्डिओग्राम त्या क्षणाचा असतो. त्या क्षणी हृदयाला रक्त पुरत असेल तर तो बिनदोष येऊ शकतो. त्याने नळ्या मोकळ्या असल्याची खात्री मिळत नाही. त्यातून गुरुजींचे दुखणे दोन आठवड्यांत कमी श्रमाला येऊ लागले होते, आणि हे धोक्याचे लक्षण. अशा वेळी पट्ट्यावर पळवून तपासणी करण्याचीही घाई करायची नसते. मी त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत नव्वद टक्के अडथळा निघाला. स्टेंट बसवला गेला.

गुरुजी आणि त्यांच्या घरच्यांनी माझे आभार मानले. मला ते नीट स्वीकारता आले नाहीत. पहिल्या रविवारी मी एक प्रश्न विचारला असता तर आठ दिवस वाचले असते. त्या आठ दिवसांत ते आणखी दोनदा घाट चढले होते.

निघण्यापूर्वी कोणी तपासून घ्यावे?

सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालवायला बहुतेकांना कोणत्याही तपासणीची गरज नाही. मात्र पुढीलपैकी काही लागू असेल तर घाट, शर्यत किंवा लांबची फेरी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

१. मधुमेह, ब्लडप्रेशर, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वीचा हृदयविकार.
२. वडील, आई किंवा भावंडे यांना कमी वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू.
३. तंबाखू, सिगारेट, मिश्री यांची सवय.
४. श्रमाने छातीत, गळ्यात, जबड्यात दाब, नेहमीच्या श्रमाला नवी धाप, धडधड, चक्कर किंवा भोवळ.
५. वर्षानुवर्षे व्यायाम नसताना चाळिशी-पन्नाशीत एकदम जोराने सुरुवात.

यांतले चौथे कारण असेल तर तपासणी होईपर्यंत सायकलला हातच लावू नये.

वाटेत असा त्रास झाला आणि थांबून पाच मिनिटांत गेला नाही, किंवा घाम, उलटी, घाबरेपणा सोबत असला, तर १०८ ला फोन करावा. रोग्याला बसवून ठेवावे, चालवू नये, सायकलवरून तर मुळीच आणू नये. दुसऱ्याची जिभेखालची गोळी परस्पर देऊ नये. रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.

अपघाताविषयी दोन शब्द. हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटांवर बसावे आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असावा. पहाटे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. खरचटल्यास जखम भरपूर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, चुना, माती भरू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे.

शेवटी

हा लेख वाचून कोणी सायकल अडगळीत टाकली तर माझा उद्देशच फसला असे मी समजेन. २०१५ साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. आपल्याला एवढे करायचे नाही. माहुलीपर्यंत जाऊन आले तरी हृदयाला, साखरेला आणि मनाला ते उपकारकच आहे.

फक्त गप्पांत एक भर घाला. किती किलोमीटर झाले हे विचारून झाले की "वाटेत काही त्रास झाला का?" हेही विचारा. आणि कोणी नेहमीच्या चढावर नव्याने थांबू लागला तर "का थांबलास?" असे विचारायला संकोच करू नका. हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

गुरुजींनी तज्ज्ञांच्या सल्ल्याने आधी चालणे, मग माझ्याबरोबर माहुली, असे करत काही महिन्यांनी परवानगी घेऊन पुन्हा घाट चढला. सावकाश, हलक्या गिअरवर, गोळ्या न चुकवता. बाकावर येऊन म्हणाले, "डॉक्टर, आज तिसऱ्या वळणावर थांबलो होतो."

माझा चेहरा पाहून त्यांनी घाईघाईने पुस्ती जोडली, "शहर बघायला हो. यावेळी खरोखरच!"

तरीही मी त्यांना दोन प्रश्न विचारलेच.